परीक्षेची तारीख आणि बाबांची पिशवी

"पुढचं काहीच दिसत नाही, मॅडम. मग आयुष्यात करायचं काय, हे ठरवायचं तरी कशाच्या जोरावर?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या तोंडांनी आला आहे की आता तो कुणा एकाचा राहिलेला नाही. नोकरी गेलेले विचारतात, लग्न मोडलेले विचारतात, आयटीत बरं चाललेलेही "उद्या हे काम राहील का" असं म्हणत हेच विचारतात. सगळ्यांत जास्त विचारतात ती स्पर्धा परीक्षांची मुलं. पुण्यात माझं समुपदेशन केंद्र, ही मुलं जिथे राहतात त्या सदाशिव पेठेपासून चालत येण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे असेल. आज त्यांच्यातल्याच एकाबद्दल लिहिते. त्याची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावही. त्याला आपण माधव म्हणू.

माधव आला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये. वय २९. गाव मराठवाड्यातलं, घरी चार एकर कोरडवाहू. २०१८ साली पदवी घेऊन पुण्यात आला तो राज्यसेवेसाठी, म्हणजे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी. मी सवयीने "तुम्ही" म्हणाले, तर अवघडून म्हणाला, "मॅडम, तू म्हणा. इथं सहा वर्षांत कुणी तू म्हणलं नाही."

त्या सहा वर्षांचा हिशेब त्याने मला तारखांमध्ये सांगितला. २०२० च्या एप्रिलमध्ये व्हायची पूर्व परीक्षा पुढे जात जात अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. मग मुख्य परीक्षा पर्याय निवडण्याऐवजी वर्णनात्मक होणार असं ठरलं, ते २०२३ पासून की २०२५ पासून यावर आंदोलन झालं आणि २०२५ ठरलं. तोवर त्याच्या नोट्स दोन्ही पद्धतींच्या अर्ध्या-अर्ध्या. आणि आता ताजं, २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा. त्याच दिवशी बँकेची परीक्षा आलेली, शिवाय कृषी सेवेच्या जागा यात घ्या अशी मागणी होती. मुलं रस्त्यावर बसली आणि परीक्षा अगदी तोंडावर असताना पुढे ढकलली गेली.

"मी पण बसलो होतो, मॅडम. शास्त्री रोडला. मागणी मान्य झाली म्हणून कळलं, पोरं नाचायला लागली. मी पण ओरडलो. खोलीवर आलो, बूट काढले आणि वाटलं, आता उद्या सकाळी उठायचं कशाला?"

त्या दिवसापासून तो नीट झोपला नव्हता. अभ्यासिकेत जागा धरून बसायचा, पण तेच पान समोर. मेसचा डबा अर्धा परत जायचा.

अशा वेळी ध्येयबिय बाजूला ठेवून मी आधी एक गोष्ट विचारते आणि सरळ विचारते. "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसं डोक्यात येतं, हा गैरसमज आहे. विचारलं की माणसाला हायसं वाटतं. माधव म्हणाला, मरावं असं नाही, पण सकाळी जाग येऊ नये असं दोन-तीनदा वाटलं. मी त्याला त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही आठवडे औषध चाललं, झोप परतली. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करून घेतला. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला तसं वाटत असेल तर त्यांनीही आत्ताच करावा, कुठल्याही वेळी लावता येतो. झोप नसलेल्या, उपाशी माणसाला आयुष्याचं ध्येय विचारू नये. त्याला त्या वेळी जे उत्तर सुचेल ते थकव्याचं असतं, त्याचं स्वतःचं नसतं.

तिसऱ्या भेटीत मी एक चूक केली. "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?" असं विचारून बसले. तो गप्प झाला, हाताच्या बोटांची नखं बघत राहिला. मग म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी पण मला एकाने हेच विचारलं होतं. तेव्हा मी आजची तारीख सांगून तहसीलदार असं सांगितलं होतं." हा प्रश्न मला तेव्हापासून नकोसा झाला आहे. ज्याच्या पायाखालची जमीन हलते आहे त्याला लांबचं डोंगरशिखर दाखवायला सांगणं, यात मदत कसली? तरी व्याख्यानांत आणि मोबाइलवरच्या प्रेरणादायी भाषणांत हाच प्रश्न सारखा फेकला जातो आणि ज्याला उत्तर येत नाही तो स्वतःलाच नालायक समजून घरी जातो.

मग मी दुसरीकडून सुरुवात केली. खिशात मावेल अशी वही दिली. रोज रात्री दोनच ओळी लिहायच्या: आज कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि आज कोण काय विचारायला माझ्याकडे आलं. अभ्यासाचे तास लिहायचे नाहीत.

पुढच्या भेटीत वही आली. पेन्सिलीने, बारीक अक्षरात. काही ओळी तशाच देते.

"सोमवार. काही नाही."

"मंगळवार. मेसच्या काकूंच्या गॅसच्या कनेक्शनवर अजून वारलेल्या काकांचं नाव आहे. कागद बघितले. अर्ज लिहून दिला. दुपार गेली."

"बुधवार. आत्याच्या पोराचा फोन. फेरफाराची नोटीस आली, घाबरलाय. हरकतीला पंधरा दिवस असतात ते समजावलं. नोटीस व्हॉट्सअॅपवर मागवली, त्यात गट नंबरच चुकलाय."

"शुक्रवार. रूममेटला बहिणीचा वारसाहक्क समजावता समजावता एक वाजला."

मी वाचलं, वही त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "मोठ्याने वाच." त्याने वाचलं. काही लक्षात आलं का, तर म्हणाला, "हो. टाइमपास जास्त होतोय माझा."

त्याच्या दृष्टीने खरंच तो टाइमपास होता. सहा वर्षं त्याने दिवसाचे दोनच भाग पाडलेले: अभ्यास आणि वाया गेलेला वेळ. ज्यात त्याचा जीव रमत होता ते सगळं दुसऱ्या खात्यात जमा.

"सातबारा, फेरफार, वारस नोंद," मी म्हटलं, "हे जमिनीच्या कागदांचं तुला इतकं कुठून येतं? अभ्यासक्रमात तर एवढं खोलात नाही."

तेव्हा त्याने पिशवीची गोष्ट सांगितली.

आजोबा वारले तेव्हा माधव सहावीत. जमिनीवर वारस नोंद लावायची होती. बाबा तालुक्याला जायचे तेव्हा याला सोबत न्यायचे, कारण पोरगा वाचायला चुणचुणीत. बाबांनी खताची रिकामी गोणी कापून, आतल्या प्लॅस्टिकची पिशवी शिवून घेतली होती, कागद भिजू नयेत म्हणून. ती काखेत धरून ते कचेरीच्या दारात उभे राहायचे. चपला बाहेर काढून. बाकीचे लोक चपला घालून आत-बाहेर करत होते, पण बाबा काढायचे. कुणी मान वर करून बघायचं नाही, आणि बघितलं तर "उद्या या." परत येताना एसटीत बाबा पिशवीतून कागद काढून मांडीवर सरळ करायचे, पुन्हा घडी घालायचे.

"तवाच ठरवलं, मॅडम. त्या खुर्चीत आपण बसायचं." पहिल्यांदाच त्याची गावाकडची बोली आली.

मी विचारलं, "खुर्चीत बसायचं असं ठरवलंस, की बाबांना चपला काढून उभं राहावं लागू नये असं ठरवलंस?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती, तेवढाच आवाज.

माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. आपण काम आणि पद यांची गाठ इतकी घट्ट मारतो की पद लांबलं की कामच हरवलं असं वाटतं. पदाची जाहिरात दुसरं कुणी काढतं, तारीख दुसरं कुणी ठरवतं, जागा किती हेही आपल्या हातात नसतं. सहावीतल्या पोराला एसटीत जे वाटलं होतं त्याला मात्र कुणाच्या जाहिरातीची गरज नव्हती. ते तो मेसच्या काकूंच्या गॅसच्या अर्जात करतच होता, फक्त ते मोजत नव्हता. विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीत, जी अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली आणि जी आम्ही रोज वापरतो, इच्छेची जेव्हा अट होते तेव्हा माणूस कोसळतो असं धरलं जातं. "मला तहसीलदार व्हायला आवडेल" ही इच्छा. "झालो तरच मी कुणीतरी" ही अट. माधवने हे कागदावर लिहिलं तेव्हा "तरच" या शब्दाभोवती स्वतःहून गोल केला.

परीक्षा सोडून दे असं मी त्याला सांगितलं नाही. ते माझं कामही नाही. पण एक गोष्ट मी ठामपणे मांडली. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, आरक्षित गटांना ४३. ही सवलत चांगल्या हेतूने आहे, पण कित्येक मुलांच्या बाबतीत ती निर्णय गिळते. "वय आहे अजून" या एका वाक्यावर मुलं एकेक वर्ष ढकलतात, घरचे पैसे पाठवत राहतात आणि कुणीच कुणाला विचारत नाही. आयोगाने घातलेली मर्यादा वेगळी आणि आपण स्वतःला घातलेली वेगळी. दुसरी घालावी लागते, आणि ती बदलत्या जाहिरातींच्या काळात जास्तच घालावी लागते.

माधवला खोलीत कॉटचे तीन हजार, मेसचे साडेतीन, अभ्यासिकेचे हजार, वर किरकोळ. बाबा दरमहा नऊ पाठवत होते. हा आकडा त्याने सांगितला तेव्हा डोळे खाली होते. मी म्हटलं, बाबांना एकदा घेऊन ये.

बाबा दिवाळीच्या आधी आले. खुर्चीच्या कडेवर टेकून बसले. मी म्हटलं, "काका, नीट मागे टेकून बसा." मुलाचं काय चाललंय ते माधवनेच सांगितलं, अडखळत. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आमी कवा म्हणलो सायबच हो म्हणून? तूच म्हणलास. आमी म्हणलं, पोराचं मन हाय, तर मोडू नाही." सहा वर्षं दोघं एकमेकांच्या स्वप्नाचं ओझं वाहत होते, आणि दोघांनाही वाटत होतं ते समोरच्याचं आहे.

त्या दिवशी एक कागद तयार झाला. त्यावर पाच वर्षांचं काही नव्हतं. वर एक ओळ, त्याच्या शब्दांत: "ज्याला कागद वाचता येत नाही त्याचं काम अडू नये." खाली पुढचे सहा महिने. डिसेंबरला परीक्षा झाली तर काय, पुन्हा पुढे गेली तर काय, दोन्ही रकान्यांत लिहिलं. आणि दोन्ही रकान्यांत एक गोष्ट सारखी होती: जानेवारीत पुणं सोडायचं, तालुक्याला एका वकिलांकडे महसुली प्रकरणांचे कागद तयार करायला अर्धवेळ लागायचं, अभ्यास तिथूनच. शेवटचा प्रयत्न कुठला, तेही तारखेसह लिहिलं आणि बाबांनी खाली सही केली. सही का, असं मी विचारलं नाही. त्यांना करावीशी वाटली.

इथे एक सांगितलं पाहिजे. प्रत्येकाच्या आयुष्यात अशी पिशवी सापडत नाही. त्याच महिन्यात माझ्याकडे एक बाई येत होत्या, ४१ वर्षांच्या, कंपनीने काढलेल्या, घराचे हप्ते थकलेले. त्यांना मी वही दिली नाही. आम्ही दोन महिने फक्त हप्ते, बँकेशी बोलणं आणि मिळेल ती नोकरी एवढंच बघितलं. ध्येयाचा विषय वर्षभराने निघाला, तोही त्यांनीच काढला. लहानपणी काही खोल ठरवलं नव्हतं म्हणून कुणी रिकामं ठरत नाही. काहींना ते करता करता, चाळिशीत, पन्नाशीत उमगतं.

१ डिसेंबर २०२४ ला परीक्षा झाली, माधवने दिली आणि जानेवारीत ठरल्याप्रमाणे गावी गेला. पुढे निकाल लागला, काही गुणांनी राहिला. दोन दिवस फोन बंद होता, तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः केला. वकील सहा हजार देतात, तेही कधी उशिरा. लग्नाचं कुणी विचारलं की अजून त्याचा चेहरा पडतो. गावातले काही "पुण्याहून परत आला" असं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. हे सगळं आहे.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात पाऊस थांबेना, नद्या गावांत शिरल्या आणि २८ तारखेची पूर्व परीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली. बातमी वाचली तेव्हा मला पहिली आठवण त्याची झाली. गेल्या वेळी अशाच बातमीने तो माझ्याकडे आला होता. मीच फोन लावला.

मागे गलका होता. शाळेच्या वर्गात होता तो, गावातली काही घरं तिथे हलवली होती. परीक्षेचं मी विचारलं तर म्हणाला, "हो, पुढं गेली, कळलं," आणि दुसरंच सांगायला लागला. लोकांचे कागद भिजले होते. आधार कार्डं, पासबुकं, जुने हस्तलिखित सातबारे. त्याने वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली होती आणि कपड्यांच्या चिमट्यांनी एकेक कागद वाळत घातला होता, प्रत्येकावर पेन्सिलीने घराचं नाव लिहून. पंचनाम्याच्या यादीत कुणाचं नाव सुटलंय, कुणाचं खातं आधारला जोडलेलं नाही, याची त्याच्याकडे वही होती. तीच, खिशात मावणारी, पण आता दुसरी की तिसरी.

"बाबांच्या पिशवीतले कोरडे राहिले, मॅडम. सगळे. पंधरा-अठरा वर्षं झाली त्या पिशवीला."

अभ्यास होतोय का, मी विचारलं. म्हणाला, रात्री होतो, लाइट असेल तेव्हा. मग कुणीतरी त्याला हाक मारली, तो म्हणाला, "ठेवतो, मॅडम, आज्जी आल्यात पासबुक घेऊन," आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.