अमेरिकेत वकील, मग आमदार आणि पुढे फेडरल (म्हणजे केंद्रीय) न्यायाधीश असा प्रवास कोणी केला आहे का?

हो. माझ्या मते सर्वांत मोठं नाव कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचं. जन्म 1921, न्यू हेवन. नागरी हक्कांच्या वकील म्हणून त्यांनी सुप्रीम कोर्टात 10 खटले लढवले, 9 जिंकले. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला 1962 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाचं दार उघडून देणारा खटलाही त्यांचाच.

1964 मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये गेल्या. तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. पण आमदारकी वर्षभराचीच. लगेच मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंट, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना फेडरल न्यायाधीश नेमलं. हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय महिलाही त्याच.

त्यांचा 1975 चा एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. एका बड्या लॉ फर्मविरुद्ध स्त्रियांशी भेदभाव केल्याचा दावा होता. फर्मचं म्हणणं, तुम्ही स्वतः स्त्री आणि कृष्णवर्णीय, तेव्हा खटल्यातून बाजूला व्हा. मॉटलींनी ठाम नकार दिला. वंश आणि लिंग प्रत्येकच न्यायाधीशाला असतं, त्यावरून बाजूला व्हायचं तर या कोर्टात खटला ऐकायला कोणीच उरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायाधीशांनी बाजूला व्हावं असे अर्ज आले की अमेरिकेत आजही हाच निकाल पुढे केला जातो.