आधी कोण बोललं?

प्रश्न : काका, 2019 च्या पुरावर मी आठ पानांचं कॉमिक काढलंय. सांगलीत मामाच्या घरात पाणी शिरलं आणि आजीला बोटीतून बाहेर काढलं, त्याची गोष्ट. चित्रं सगळ्यांना आवडतात, पण चौथ्या पानावर 'आधी हे की ते?' असं विचारतात. पानं सोबत पाठवलीत.
– बारावीतली वाचक, तासगाव

उत्तर : आजी झकास जमलीय. पदर खोचून बोटीत पाय टाकतानाची तर फारच. घोळ आहे तो संवादाच्या फुग्यांचा. चौथ्या पानाच्या पहिल्या चौकटीत आधी बोलतो मामा, पण तो उभा उजवीकडं. आपण डावीकडून वाचणार, म्हणून आजीचं 'मी नाही येत' आधी कानावर पडतं आणि मामाचं 'आई, चल' मागाहून. त्यांच्या जागा बदल. ते नको असेल, तर मामाचा फुगा पार वर ने आणि आजीचा खाली घे. फुगे कच्च्या पेन्सिलीतच मांडायचे असतात. तू ते उरलेल्या जागेत कोंबलेस, दिसतंच.

त्याच पानावर डावीकडं एकाखाली एक दोन चौकटी आणि उजवीकडं एक उभी लांब चौकट आहे. पहिलीनंतर डोळा खाली जाईल की आडवा, याचा नेम नाही. उभी चौकट डावीकडं आण, प्रश्न मिटला. अर्थात मग ती आधी वाचली जाईल, तेव्हा प्रसंगही त्या क्रमानं लाव.

बोट पाचव्या पानावर उजवीकडं निघते आणि सहाव्यावर डावीकडं. मला वाटलं, आजी काहीतरी विसरली म्हणून परत फिरली!

आता पाण्याचं. 'आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर' असं निवेदनात लिहिलंयस. धोक्याची पातळी 45, हे सांगलीकराला पाठ असतं. नागपूरच्या वाचकाला तो नुसता आकडा. त्यापेक्षा मामाच्या घरातला जिना एकाच जागेवरून, एकाच कोनातून तीनदा काढ. दोन पायऱ्या बुडालेल्या, मग सहा, मग वरच्या पायरीवर फक्त चपला. माणूस नको, फुगा नको. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत पाणी वाचकच चढवतो.

बोट कलते ती चौकट पाचव्या पानाच्या तळाला ने. छापल्यावर ते उजवीकडं येतं, पान उलटल्याशिवाय पुढचं कळत नाही. बेल्जियन चित्रकार एर्जेचा कॉमिक-नायक टिनटिन 1929 पासून आठवड्याला दोन पानं असा छापून यायचा. त्यामुळं पानाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवणं एर्जेला भागच होतं.

शाई लावायच्या आधी चौथं पान पेन्सिलीतच पाठव.