ब्रिटनमध्ये वर्गभेद अजून उरलाय का, आणि तो मतदानात दिसतो का?

उरलाय. मतदानातही दिसतो, पण आपण जिथे शोधतो तिथे सापडत नाही.

प्रश्नाखालच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात मँचेस्टरला एम.ए. करायला येताय आणि ‘मजूर पक्ष कामगारांचा, हुजूर पक्ष श्रीमंतांचा’ हे समीकरण अजून लागू आहे का, ते हवंय. मी बरीच वर्षं मँचेस्टरमध्ये राहते, इथल्या एका मतदान केंद्रावर क्लार्क म्हणून बसलेही आहे. माझं उत्तर असं: पूर्वी वर्गावरून माणूस मत कोणाला देणार ते कळायचं. आता तो मत द्यायला येणार की नाही, ते कळतं.

आधी वर्गाबद्दल. इथे वर्ग पगारावरून ठरत नाही, निदान फक्त पगारावरून नाही. २०१६ च्या ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स पाहणीत ६० टक्के लोकांनी स्वतःला कामगार वर्गातलं म्हटलं. त्यातली गंमत पुढे आहे. व्यवस्थापक आणि व्यावसायिक नोकऱ्यांत असलेल्यांपैकीही जवळपास निम्म्यांनी हेच उत्तर दिलं. बाप खाणीत किंवा गिरणीत होता, बोलण्याची ढब गावाकडची आहे, मग मुलगा अकाउंटंट झाला तरी तो स्वतःला कामगारच समजतो. उलट्या बाजूला खासगी शाळांत देशातली जेमतेम ७ टक्के मुलं शिकतात, पण २०१९ च्या एका अहवालानुसार वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के अशा शाळांतून आलेले होते. ईटन या एकट्या खासगी शाळेने २० पंतप्रधान दिले. इथे पहिल्या दोन वाक्यांत समोरच्याचा उच्चार ऐकून लोक मनात नोंद करून ठेवतात. बोलून दाखवत नाहीत, एवढंच. आपल्याकडे आडनाव विचारतात तसंच हे.

आता मतदान. १९११ पर्यंत खासदाराला पगारच नव्हता, म्हणजे हातावर पोट असलेल्याने संसदेत जायचं तर कामगार संघटनेने त्याला पोसायला हवं. १९०० साली या संघटना आणि समाजवादी मंडळी एकत्र आली आणि त्यातून मजूर पक्ष उभा राहिला, तो याच गरजेतून. पुढे १९५० च्या निवडणुकीत जवळपास ८४ टक्के मतदान झालं. खाणीच्या गावात संघटनेचा माणूस घरोघर फिरायचा, क्लबमध्ये चर्चा व्हायची, मत देणं हा त्या जगण्याचाच भाग होता. १९७९ मध्ये संघटनांचे १ कोटी ३० लाखांहून जास्त सभासद होते. आज त्याच्या निम्म्याच्या आसपास उरले आहेत. मधे १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला, खाणी बंद झाल्या. पण माझ्या मते खरा घाव संसदेतच बसला. १९७९ साली सुमारे १६ टक्के खासदार पूर्वी अंगमेहनतीची कामं केलेले होते, २०१५ पर्यंत ते ३ टक्क्यांवर आले. मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांनी पक्ष मध्यमवर्गाकडे वळवला आणि १९९७ मध्ये दणकून जिंकले. चारच वर्षांनी, २००१ मध्ये, मतदान ५९.४ टक्क्यांवर घसरलं. जुने मतदार दुसऱ्या पक्षाकडे गेले नाहीत, ते घरी बसले. दोन्हीकडचे उमेदवार सारखेच सुटाबुटातले, सारखंच बोलणारे. मग कशाला पावसात बाहेर पडायचं?

२०१६ चं ब्रेक्झिट सार्वमत याच रांगेत वाचायला हवं. तेव्हा मतदान ७२.२ टक्के झालं. एकच पक्ष कायम जिंकतो अशा ‘सुरक्षित’ मतदारसंघात मत वाया जातं ही भावना सार्वमतात नव्हती, कारण तिथे प्रत्येक मत सारखंच मोजलं जाणार होतं. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूला ५१.९ टक्के गेले. मग २०१९ ला डर्बीशरमधल्या बोल्सोव्हरमध्ये, खाणींच्या जुन्या पट्ट्यात, १९७० पासून निवडून येणारे डेनिस स्किनर हरले. ते स्वतः खाणकामगार होते. त्या वर्षी हुजूर पक्षाला कामगार वर्गातही मजूर पक्षापेक्षा जास्त मतं मिळाली, तेव्हा तुमचं समीकरण उलटं झालं म्हणा हवं तर. वय आणि पदवी या दोन गोष्टी वर्गापेक्षा मोठ्या ठरल्या. बोल्सोव्हर २०२४ मध्ये मजूर पक्षाकडे परत आलं, पण त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये डरहॅम काउंटी, जिथे १९१९ साली मजूर पक्षाला पहिल्यांदा काउंटी कौन्सिलची (आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था) सत्ता मिळाली होती, ती स्थलांतराला विरोध करणाऱ्या उजव्या रिफॉर्म यूके पक्षाने घेतली.

२०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीचे दोन आकडे मला सगळ्यात बोलके वाटतात. सगळ्यात जास्त मतदान लंडनजवळच्या सुखवस्तू हार्पेंडन आणि बर्कमस्टेडमध्ये झालं, ७५ टक्के. सगळ्यात कमी मँचेस्टर रशोममध्ये, ४० टक्के. रशोम म्हणजे तुम्ही बहुधा जिथे खोली घ्याल आणि करी माइल या दक्षिण आशियाई हॉटेलांच्या रस्त्यावर जेवायला जाल तोच भाग: विद्यार्थी, स्थलांतरित, भाडेकरू, मॉस साइडसारख्या गरीब वस्त्या. देशभरात मतदान ६० टक्क्यांच्या आसपास, मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. हिशेब केलात तर यादीतल्या दर पाच मतदारांपैकी एकाच्या मतावर हे प्रचंड बहुमत उभं आहे.

आणि हे यादीत असलेल्यांबद्दल. निवडणूक आयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार स्वतःच्या कर्जमुक्त घरात राहणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांची नोंद बरोबर होती, खासगी भाडेकरूंपैकी ६५ टक्क्यांची. २०१४ पासून प्रत्येकाने आपली नोंदणी आपण करायची असते. त्याआधी घरातल्या एकाने सगळ्यांची नावं भरली की भागायचं. दरवर्षी घर बदलणाऱ्याचं नाव मागेच राहतं. त्यात २०२२ च्या कायद्याने फोटो ओळखपत्र सक्तीचं केलं. २०२४ च्या निवडणुकीत साठीपुढच्यांचा लंडनचा ऑयस्टर हा बस-रेल्वेचा पास ओळखपत्र म्हणून चालत होता, अठरापुढच्या विद्यार्थ्यांचा नाही. आमच्या केंद्रावर एक मुलगा विद्यापीठाचं कार्ड घेऊन आला होता. नियमाप्रमाणे परत पाठवावं लागलं. दिवसही इथे परंपरेने गुरुवार, सकाळी सात ते रात्री दहा, सुट्टी नाही. गोदामात बारा तासांची पाळी असणाऱ्याला मत द्यायचं तर ते पाळीच्या आधी नाहीतर नंतर.

आपल्या लोकांबद्दलही दोन ओळी, कारण ‘ब्रिटिश समाजाचे भेद’ म्हटलं की आपण हात झटकून मोकळे होतो. २०२४ मध्ये हुजूर पक्षाची देशभर धूळधाण होत असताना लेस्टर ईस्ट आणि हॅरो ईस्ट या हिंदू मतदार मोठ्या संख्येने असलेल्या जागा त्यांच्याकडे गेल्या किंवा राहिल्या. लेस्टर ईस्टला मजूर पक्षाची मतं फुटली हेही खरं, पण शेजारच्या लेस्टर साउथमध्ये गाझाच्या मुद्द्यावर उभा राहिलेला अपक्ष निवडून आला, म्हणजे एकाच शहरात दोन वेगळे कौल. आणि जात? समता कायद्यात जातीचा समावेश करावा असं संसदेने २०१३ मध्ये सरकारला बजावलं होतं. दलित संघटनांनी पाठिंबा दिला, अनेक हिंदू संघटनांनी विरोध केला, आणि २०१८ मध्ये सरकारने तो बेतच सोडून दिला. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलेलं बाबासाहेबांचं लंडनचं घर बघायला जाल तेव्हा हे माहीत असावं.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही. तुम्हाला इथे मत आहे. भारतासारख्या राष्ट्रकुल देशाचा नागरिक वैध व्हिसावर इथे राहत असेल तर संसदेच्या निवडणुकीतही मतदान करू शकतो, विद्यार्थीसुद्धा. स्विंडनमध्ये राहणाऱ्या, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकरांना मात्र कौन्सिलच्या निवडणुकीत मत आहे, संसदेच्या नाही. भारतीय पासपोर्ट ठेवला असता तर मिळालं असतं! खोली मिळाली की ऑनलाइन नोंदणी करून टाका. नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि करासाठीचा इथला क्रमांक) मागतात, नसेल तर का नाही ते लिहायची सोय आहे. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. शिवाय यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअर सुधारतो आणि मोबाइलचा करार सोपा होतो. खरं सांगायचं तर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी नाव नोंदवलं ते याच कारणासाठी.