शाळेतल्या खेळाच्या सरांचा प्रभाव खरंच इतका टिकतो, की माणूस गेल्यावर आपण तो रंगवतो?

तुम्ही लिहिलंय की शाळेत खेळ शिकवणारे तुमचे सर नुकतेच गेले. शाळा सुटल्यावर त्यांच्याशी कधी बोलणंही झालं नव्हतं, तरी बातमी कळल्यापासून मन थाऱ्यावर नाही. आणि लगेच तुम्ही स्वतःवरच शंका घेतलीय, की हे खरं आहे की आपणच मागाहून त्यांना मोठं करतोय.

मला वाटतं दोन्ही आहे. पण त्यातलं कुठलं किती, हे थोडंफार वेगळं करून बघता येतं.

रंगवण्याचा भाग आधी उरकते. स्मृतीवरच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसलेली आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, की साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. शाळेचं मैदान नेमकं त्याच काळात येतं, त्यामुळे तिथे भेटलेला मोठा माणूस आठवणीत जरा उंचच दिसणार. त्यात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही हा रिवाज. शोकसभेत प्रत्येक शिक्षक 'कडक पण प्रेमळ' असतो. माझा या दोन विशेषणांवर काडीचा विश्वास नाही, कारण ती कुणालाही चिकटतात.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. सरांबद्दल विशेषण सांगायचं नाही, त्यांनी दिलेली सूचना सांगायची. 'मेहनत करा' वगैरे नव्हे, ते सगळेच सांगतात. पाय कुठे ठेव, मान कुठे ठेव, कधी थांब, असलं काहीतरी. ती सूचना तुम्हाला त्यांच्या आवाजात आठवत असेल, आणि तुम्ही ती आजही कुठेतरी पाळत असाल, तर ते रंगवलेलं नाही.

माझं सांगते. मी शाळेत 4 × 100 मीटर रिलेच्या संघात होते, तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे वळणावर. रिले बाहेरून बघणाऱ्याला चौघींची धाव वाटते, पण आमच्या सरावाचा बहुतेक वेळ बॅटन, म्हणजे एकीने दुसरीच्या हातात द्यायचा तो छोटा दांडा, देण्याघेण्यातच जायचा. घेणारी मागे बघत नाही. जमिनीवर आधीच खूण केलेली असते. देणारी त्या खुणेवर आली की घेणारीने सगळा जोर लावून सुटायचं, हाक आली की हात मागे न्यायचा आणि तसाच ठेवायचा. हा बदल ठरलेल्या पट्ट्याच्या आत झाला नाही तर संघ बाद. आमच्या वेळी तो पट्टा 20 मीटरचा होता आणि त्याआधी वेग घ्यायला 10 मीटर मिळायचे. आता नियम बदलून सलग 30 मीटर बदलासाठी दिलेत. ऐकायला सोपं वाटतं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी प्राथमिक फेरीतच बॅटन पाडला होता.

आमचे सर या सगळ्यासाठी दोनच वाक्यं वापरायचे. घेणारीला: "हात शोधत फिरवू नकोस, एका जागी ठेव. शोधणं तिचं काम आहे." आणि देणारीला: "तिच्या हातात गेला असं वाटलं म्हणून सोडू नकोस. तिने ओढला की सोड."

बस. जिद्द, देश, स्वप्नं, यातलं काही नाही. पाऊस असो, ऊन असो, स्पर्धा जिंको, हरो, तीच दोन वाक्यं. कंटाळा यायचा आम्हाला. मागून नक्कल करायचो.

आमच्या संघात दुसऱ्या टप्प्यावर धावणारी मैत्रीण आज अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पाळी बदलताना ती रुग्णाची माहिती सांगून निघून जात नाही. समोरचीने औषधाचं प्रमाण आणि पंपाचा वेग स्वतःच्या तोंडाने परत सांगेपर्यंत खाटेशी उभी राहते. एकदा एका नव्या मुलीने वैतागून विचारलं, "ताई, सांगितलंत ना, मग थांबलात कशाला?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "तू ओढल्याशिवाय मी सोडणार कसा?" त्या बिचारीला काय कळणार! मैत्रीण सांगत होती, तोपर्यंत तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की ती सरांचं वाक्य पाळतेय. तिला वाटायचं, हा आपला स्वभाव.

माझ्याकडे घेणारीचा अर्धा भाग आला. मी हिशेब तपासायचं काम करते. दुसऱ्या विभागाकडून आकडे यायचे असले की मी त्यांच्या मागे लागत नाही, वळून बघत नाही. ठरल्या वेळी माझा भाग सुरू करते आणि हात मागे ठेवते. हा गुण आहे की आळस, यावर आमच्या घरात मतभेद आहेत.

अशी छोटी, कोरडी सूचनाच का टिकते? रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974-75 च्या हंगामात जॉन वुडन यांचा सराव बाहेर बसून टिपून घेतला होता. वुडन हे अमेरिकेतलं बास्केटबॉलचं फार मोठं नाव, त्यांच्या संघाने 1964 ते 1975 या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण त्याआधी अनेक वर्षं ते हायस्कूलमध्ये इंग्रजीचे शिक्षक आणि प्रशिक्षक होते. या दोघांनी वुडन यांच्या 2,326 कृती नोंदवल्या. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश निव्वळ माहिती देणाऱ्या होत्या: काय करायचं, कसं करायचं. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास आणि नाराजीही साधारण तितकीच. हंगामाच्या पहिल्या दिवशी हा माणूस खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचा, कारण चुणी राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो.

आपल्याकडच्या रमाकांत आचरेकर सरांचं उदाहरण याच जातीचं आहे. सचिन तेंडुलकरने नोव्हेंबर 2013 मध्ये निवृत्तीच्या भाषणात सांगितलं होतं की सरांनी त्याला कधीच 'छान खेळलास' म्हटलं नाही. म्हटलं तर हा निर्धास्त होईल, अशी त्यांना भीती. सरावात यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, सचिन शेवटपर्यंत टिकला तर त्याचं. ती नाणी त्याने जपून ठेवली आहेत. जानेवारी 2019 मध्ये सर गेले तेव्हा त्याने त्यांना खांदा दिला. आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

केनियातल्या इतेन गावच्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलची गोष्ट तर आणखी गमतीची. आयर्लंडहून 1976 मध्ये तिथे आलेले कॉल्म ओ'कॉनेल हे कॅथलिक धर्मसंघातले ब्रदर भूगोल शिकवायला आले होते. धावण्याचं कुठलंही प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. मुलं धावताना बघत बघत शिकले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पीटर रोनोने 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्णपदक मिळवलं आणि त्यांनी घडवलेल्या डेव्हिड रुडिशाने 2012 मध्ये लंडनला 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. म्हणजे ज्ञानाचा साठा हा मुद्दाच नव्हता, निदान सुरुवातीला तरी. ते बघत होते.

हे बघणंच मला तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर वाटतं, की संपर्क नसताना एवढं दुःख का. वर्गातले शिक्षक आपल्याला बहुतांशी कागदावर ओळखतात. आईवडील घरात ओळखतात. खेळाच्या सरांनी आपल्याला धापा टाकताना, गुडघे फुटलेले असताना, सगळ्यांसमोर हरताना पाहिलेलं असतं, आणि तेही ज्या वयात आपलं शरीर आपल्यालाच नीट समजत नसतं तेव्हा. तिथे काही लपवता येत नाही. तसं पाहिलेला मोठा माणूस आयुष्यात एखादाच असतो आणि तो कुठेतरी आहे, हे आपण गृहीत धरलेलं असतं. फोन करायची गरज वाटत नाही ती त्यामुळेच.

आता थोडं उलट बाजूने. टिकलं म्हणजे चांगलंच होतं, असं नाही. दुसऱ्या एका शाळेतली एक धावपटू माझी पुढे कॉलेजात मैत्रीण झाली. तिचे प्रशिक्षक दर आठवड्याला सगळ्या मुलींची वजनं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हसायचे. ती आजही दवाखान्यात दुसरं कुणी खोलीत असेल तर काट्यावर उभी राहत नाही. माझ्या कसोटीवर हेही उतरतं: सूचना आठवते, आवाज आठवतो, आणि ती अजून पाळतेय. तुमचे सर गेल्यावर तुमच्या जुन्या सोबत्यांपैकी कुणी गप्प बसलं असेल तर त्याला बोलायचा आग्रह करू नका. एकाच मैदानावरून वेगवेगळी माणसं वेगवेगळं घेऊन जातात.

आमचे सर निवृत्त झाले तेव्हा जुने विद्यार्थी जमले होते. जिल्ह्यापर्यंत, राज्यापर्यंत गेलेले सगळे बोलले, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचं भाषण एकच होतं. "सर मला सगळ्यात जास्त ओरडायचे." प्रत्येकाला वाटत होतं आपल्यालाच! सर पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. मग एक मुलगा उभा राहिला, म्हणजे आता चांगला टक्कल पडलेला गृहस्थ. तो शाळा संपेपर्यंत राखीवच राहिला, एकही मोठी शर्यत धावला नाही. तो म्हणाला, सर मला रोज सराव संपल्यावर विचारायचे, "आज तुला काय दिसलं?" आणि मी सांगितलेलं ऐकून ते दुसऱ्या दिवशी खुणेची जागा सरकवायचे. आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो. ती खूण का सरकते, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं सरांच्या मनात येईल तसं. आमचे बदल जमायचे त्यात या माणसाचा हात होता, आणि हे फक्त त्याला आणि सरांना माहीत होतं.

रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघांवर केलेल्या कामाशी हे जुळतं. प्रशिक्षकाच्या वागण्याचा सर्वांत जास्त परिणाम, चांगला किंवा वाईट, ज्यांना स्वतःबद्दल फारसा विश्वास नसतो अशा मुलांवर दिसला. 1992 मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, मुलांशी कसं बोलावं याचं थोडं शिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतून पुढच्या हंगामात 5 टक्के मुलांनी खेळ सोडला. तसं शिक्षण न घेतलेल्यांच्या संघांतून 26 टक्क्यांनी. सामने जिंकण्या-हरण्याशी त्याचा संबंध नव्हता, दोन्हीकडचे संघ साधारण सारखेच जिंकले होते.

तुम्ही शेवटी विचारलंय की आता काय करू, इतक्या वर्षांनी घरच्यांना भेटायला जाणं बरं दिसेल का. जा. जमत नसेल तर चार ओळी लिहून पाठवा, पण त्यात 'महान', 'आदर्श' असलं काही नको, ते त्यांना बाकीचे सगळे सांगतील. सर मैदानावर तुम्हाला नेमकं काय म्हणायचे आणि तुम्ही ते अजून कुठे वापरता, एवढंच लिहा. मैदानावरचा माणूस घरच्यांनी फारसा पाहिलेला नसतो. उशिरा घरी येणारा, पायांना माती लागलेला माणूस तेवढा पाहिलेला असतो.

आणि जुने विद्यार्थी मिळून एखादा कार्यक्रम ठेवणार असाल, तर माईक आधी राखीव खेळाडूंकडे द्या. पदकवाल्यांना नंतर बोलू द्या, ते तसेही थांबत नाहीत.