जागा दाखव

तुझा मेल वाचला, मग पॉप अल्बमांच्या समीक्षेचा तुझा लेख, मग पुन्हा मेल. लेखापेक्षा मेल चांगला उतरलाय, राग मानू नकोस. मेलमध्ये तू अडखळतेस: "मावशी, आवाज मशीनने सरळ केलेला, गाणं चार-पाच जणांनी मिळून लिहिलेलं, मग मी नक्की कुणाला आणि कशाला दाद द्यायची?" लेखात मात्र तुला कसलीच शंका नाही. 'दमदार गायकी', 'भावस्पर्शी शब्द', साडेतीन तारे. तो वरचा अर्धा तारा कुठल्या ओळीला दिलास, सांगशील?

मला एवढंच विचारायचंय. जागा दाखव.

गाण्यातली एखादी हरकत नेमकी लागली की 'काय जागा घेतली!' हे तुझ्या आजीच्या तोंडून तू शंभरदा ऐकलं असशील. म्हणताना तिचा हात आपोआप वर जायचा, तेवढ्या क्षणापुरता. समीक्षा म्हणजे तो वर गेलेला हात. आवाज चांगला आहे म्हणतेस, कुठे? शब्द सपक आहेत, कुठे? ज्या वाक्याला जागा दाखवता येत नाही ते खोडून टाक, मग ते कितीही झकास जमलेलं असो.

झकास वाक्याचा शाप मला ठाऊक आहे. 2019 मध्ये बिली आयलिश या अमेरिकन गायिकेचा पहिला अल्बम आला तेव्हा मी सदर लिहीत होते. पाचला मजकूर द्यायचा, तीनला ऐकायला बसले, तेही फोनच्या स्पीकरवर, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. लिहून टाकलं: 'ही मुलगी गात नाही, कुजबुजते.' लोकांना वाक्य फार आवडलं. मलाही आवडलं, तीच तर गोम. माझा कान लताबाईंच्या तार सप्तकावर वाढलेला; मोकळा, वर चढणारा आवाज तोच आवाज, बाकी सगळं पुटपुटणं. माइकला ओठ लावून गायलं की श्वाससुद्धा वाद्यासारखा वापरता येतो, आणि ती तेच करत होती. पण फोनच्या स्पीकरमधून खालचं काही नीट ऐकूच येत नाही. मी अर्धा अल्बम न ऐकताच निकाल दिला होता.

मग 2024 च्या मे महिन्यात तिचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' आला. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत संपतात. त्यातलं 'द ग्रेटेस्ट' जवळजवळ पाच मिनिटांचं. बराच वेळ गिटार आणि तोच दबका आवाज. आपण किती सोसलं याचा हिशेब कुणालाही न दाखवता मनात मांडावा तसा. आणि मग ड्रम्स येतात आणि ती आवाज उघडते, पार छातीतून. मी भाजी परतत होते, गॅस बंद केला. आता नीट वाच, कारण तुझ्या लेखात नेमकं इथे 'अफाट रेंज' एवढंच आहे. जागा त्या वरच्या सुरात नाहीये गं. आधी इतकी मिनिटं जे राखून ठेवलं त्यात आहे. ते राखणं नसतं तर तो सूर म्हणजे नुसती आरोळी झाली असती. त्याच अल्बमातल्या 'बर्ड्स ऑफ अ फेदर'च्या शेवटाकडेही ती वर जाते, पण ती चढण मुलायम आहे, पाय लागतच नाहीत. दोन्हीला 'रेंज' म्हणून मोकळं होता येत नाही.

म्हणजे 2019 मध्ये मी चुकले का? चुकले. अगदीच नाही, पण. त्या अल्बमात ती अशी आवाज उघडत नव्हती, हे निरीक्षण खरंच होतं; मी त्याला दोष म्हटलं, एवढंच. शिवाय मजकूर पाचच्या आत पोचवला होता, त्याची आठवण कुणाला नसते. असो.

मशीनचं रडगाणं आता बंद कर. ऑटो-ट्यून, म्हणजे सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर, 1997 मध्ये आलं, 1998 मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्याने ते उघड्यावर मिरवलं. म्हणजे तुझ्या जन्माआधीची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी एकदा एका भावगीताचं रेकॉर्डिंग बघत बसले होते. एका ओळीचे अकरा टेक. रेकॉर्डिस्टने चांगले तुकडे जोडले आणि सफाईच्या नादात ओळीआधीचा गायिकेचा श्वास कापला. ओळ सुरात होती, आणि मेलेली. संगीतकार म्हणाले, "तिचा श्वास परत द्या." परत लावला, ओळ उठून बसली. तेव्हापासून मी सूर लागलाय का हे शेवटी बघते.

चार्ली एक्ससीएक्स या गायिकेचा 'ब्रॅट' अल्बम याच कानाने ऐक. आवाजावर ऑटो-ट्यून आहे, आणि ते लपवायचा प्रयत्नही नाही. पण 'आय थिंक अबाउट इट ऑल द टाइम'मध्ये ती मूल झालेल्या मैत्रिणीकडे जाऊन येते, आपल्यालाही मूल हवंय का हे तिला ठरवता येत नाही, आणि ते ती डायरी वाचल्यासारखं, जवळजवळ बोलत सांगते. मशीनने सूर सरळ केला. घुटमळणं तसंच राहिलं. ती बघ जागा.

आता शब्द. सब्रिना कार्पेंटरच्या 'शॉर्ट एन स्वीट' अल्बमबद्दल तू लिहितेस, 'गाणी बाहेरून लिहून घेतलेली.' बारा गाणी आहेत, बाराही गाण्यांच्या श्रेयनामावलीत एमी ॲलन या गीतकार बाईचं नाव आहे, तिला 2025 मध्ये गीतलेखनाचं ग्रॅमीही मिळालं. पण सब्रिनाचं नावही प्रत्येक गाण्यावर आहे, ते तुला दिसलं नाही? आणि नसतं तरी काय बिघडलं असतं? लताबाईंनी गाणी लिहिली नाहीत म्हणून कुणी त्यांना खोटं म्हटलं? (चाली दिल्या, आनंदघन या नावाने. तो वेगळा विषय.) त्यातलं 'प्लीज प्लीज प्लीज' लाव. प्रियकराची विनवणी चाललीय, 'मला तोंडघशी पाडू नकोस', आणि शेवटी ती एक सणसणीत शिवी हासडते, पण सूर असा की साखर मागतेय. कागदावर ती नुसती शिवी. तो सूर नसता तर विनोद नाही, शिवी नसती तर सूर नुसता गुळमट. शब्दांना किती तारे आणि गळ्याला किती, हे आता वाटून दाखव बघू! पुढे त्याच गाण्यात पट्टी बदलते. ती तुला सापडलीये का? लेखात तर नाही.

राहिली तुझी भीती. टेलर स्विफ्टच्या अल्बमबद्दल वाकडं लिहिलं तर तिचे चाहते तुटून पडतील, म्हणून टोपणनाव घेऊ का, असं विचारतेस. भीती खोटी नाही. एप्रिल 2024 मध्ये तिच्या 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'ची समीक्षा अमेरिकेतल्या 'पेस्ट' या नियतकालिकाने लेखकाचं नाव न घालता छापली, कारण 2019 मध्ये तिच्याच अल्बमवर लिहिणाऱ्या त्यांच्या समीक्षकाला धमक्या आल्या होत्या. तरी माझं मत विचारशील तर नाव घाल. हट्ट म्हण हवं तर. कुजबुजीचं ते वाक्य माझ्या नावाने छापलं होतं म्हणूनच इतकी वर्षं मला टोचलं. आणि कृपा करून त्या अल्बमची एकतीसच्या एकतीस गाणी एका रात्रीत ऐकून सकाळी लिहायला बसू नकोस. तुझं 'शेवटची गाणी एकसुरी' हे मत मला तरी तुझ्या जागरणाचं वाटतं.

तारे काढून दुसरा खर्डा पाठव. आणि एक काम कर. 'द ग्रेटेस्ट'मध्ये ती आवाज उघडते त्याच्या आधीचा श्वास ठेवलाय की कापलाय, हे मला अजून ठरवता येत नाही. माझा डावा कान हल्ली वरचं सगळं गाळतो. तुझ्याकडे ते चांगले हेडफोन आहेत ना, त्यावर ऐकून कळव.