बर्ड फ्लू आणि परदेशी मदत : पोल्ट्रीवाल्यापर्यंत काय पोहोचते?

प्रश्न : आमची नवापूर तालुक्यात अंड्यांच्या कोंबड्यांची पोल्ट्री आहे. बर्ड फ्लूच्या तयारीसाठी परदेशातून कोट्यवधी डॉलर येतात असे वाचतो. त्यातले आमच्या वाट्याला काय येते? (एक पोल्ट्रीचालक, जि. नंदुरबार)

उत्तर : देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये तुमच्याच तालुक्यात जाहीर झाला आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा उद्भवला, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुमच्याइतका क्वचितच कुणाला असेल. सरळ उत्तर द्यायचे तर रोख रकमेच्या रूपात तुमच्या हाती जवळजवळ काहीच येत नाही. पक्षी नष्ट केल्यावर मिळणारी भरपाई आपल्याकडे केंद्र आणि राज्य शासन मिळून देतात. परदेशी निधी प्रामुख्याने रोगसर्वेक्षण, प्रयोगशाळा आणि मनुष्यबळ यांच्यावर खर्च होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘पँडेमिक फंडा’ने, म्हणजे महासाथींच्या तयारीसाठी उभारलेल्या जागतिक निधीने, भारताच्या पशुआरोग्य यंत्रणेसाठी 2 कोटी 50 लाख डॉलरचे अनुदान जाहीर केले. आशियाई विकास बँक, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्यामार्फत ते याच तीन कामांसाठी वापरायचे आहे. याखेरीज पशुआरोग्य सुधारण्यासाठी जागतिक बँकेच्या कर्जावर पाच राज्यांत आखलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राचाही समावेश आहे.

हा खर्च निरुपयोगी आहे असे मुळीच समजू नये. कोंबड्यांत अचानक मरतूक सुरू झाली, की ती राणीखेत (कोंबड्यांचा दुसरा विषाणूजन्य रोग) आहे की बर्ड फ्लू, हे नुसत्या लक्षणांवरून अनुभवी पशुवैद्यकालाही खात्रीने सांगता येत नाही. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेतून भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेकडे जातात आणि तिथून अहवाल येईपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्या वेळात पक्षी, अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गाड्या आणि माणसे यांच्याबरोबर विषाणू पुढच्या गावी पोहोचलेला असू शकतो. हा अवधी जितका कमी होईल तितक्या कमी पोल्ट्री रिकाम्या कराव्या लागतील.

मात्र या साखळीची पहिली कडी प्रयोगशाळेत नसून तुमच्या शेडमध्ये आहे, आणि आंतरराष्ट्रीय मदतीच्या आराखड्यांत या कडीला पुरेसे वजन मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मरतूक कळवली तर सगळे पक्षी जाणार आणि भरपाई कमी किंवा फार उशिरा मिळणार, असा अनुभव एकदा गाठीशी आला, की पुढच्या वेळी लोक पक्षी घाईने विकून मोकळे होतात आणि रोग गुपचूप पसरतो. व्हिएतनाममध्ये 2004 च्या साथीत सुरुवातीची भरपाई बाजारभावाच्या अगदी थोड्या भागाइतकी होती आणि पुढे ती वाढवावी लागली. नायजेरियात फेब्रुवारी 2006 मध्ये आफ्रिकेतील पहिला उद्रेक झाला, तेव्हा जागतिक बँकेच्या प्रकल्पातच भरपाईची तरतूद ठेवण्यात आली होती. म्हणजे परदेशी निधीतून भरपाई देता येते. आपल्या पोल्ट्रीधारक संघटनांनी, आणि विशेषतः परसात दहा-वीस गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बायांच्या वतीने बोलणाऱ्या बचत गटांनी, भरपाईचा दर आणि ती मिळण्याची मुदत हे दोन मुद्दे या प्रकल्पांच्या चर्चेत आग्रहाने मांडले पाहिजेत.

प्रश्न : श्रीमंत देश गरीब देशांतील कोंबड्यांसाठी पैसे का देतात? हा परोपकार की स्वार्थ? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : स्वार्थ मोठा आहे, आणि तो मान्य केला तर व्यवहार अधिक स्वच्छ होतो. हाँगकाँगमध्ये 1997 साली बर्ड फ्लूच्या एच5एन1 या विषाणूने 18 जणांना गाठले आणि त्यांतील सहा जण दगावले, तेव्हापासून हा विषाणू माणसामाणसांत सहज पसरू लागला तर काय, ही धास्ती सगळ्या जगाला आहे. 2003 पासून जगभरात माणसांमधील 900 हून अधिक रुग्णांची नोंद झाली असून त्यांतील जवळपास निम्मे मरण पावले. जानेवारी 2006 मध्ये बीजिंगच्या परिषदेत देशांनी आणि वित्तसंस्थांनी 190 कोटी डॉलर देऊ केले, ते याच धास्तीपोटी. त्यातील जवळपास निम्मी रक्कम कर्जाच्या रूपात होती, हे वृत्तांमध्ये सहसा ठळकपणे येत नाही.

परंतु या देवाणघेवाणीत गरीब देशही काही देतात. ते विषाणूचे नमुने देतात, आणि त्यांच्यावाचून लस बनत नाही. इंडोनेशियाने 2006 च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेला नमुने पाठवणे थांबवले आणि 2007 च्या सुरुवातीला त्या देशाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी त्याचे कारण जाहीरपणे मांडले. आमच्या रुग्णांतून मिळालेल्या विषाणूपासून परदेशी कंपनी लस तयार करणार आणि ती विकत घेणे आम्हालाच परवडणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्या वेळी इंडोनेशियावर जगाला वेठीस धरल्याची टीका झाली. नमुने अडवून ठेवण्यात धोका होताच, तरीही तक्रार न्याय्य होती असे मला वाटते. त्या वादातूनच मे 2011 मध्ये इन्फ्लुएन्झासाठी जागतिक चौकट मंजूर झाली. तिच्यानुसार विषाणूंचे नमुने गोळा करणाऱ्या प्रयोगशाळांच्या जागतिक जाळ्याचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांनी मिळून दरवर्षी 2 कोटी 80 लाख डॉलर द्यायचे आणि महासाथ आलीच तर लसीचा काही वाटा जागतिक आरोग्य संघटनेसाठी राखायचा, असे ठरले. मे 2025 मध्ये स्वीकारलेल्या महासाथ करारात हेच तत्त्व इतर रोगांना लागू करायचे आहे, मात्र नमुने आणि लाभ यांच्या वाटपाचा सर्वांत कळीचा भाग स्वतंत्र परिशिष्टावर सोडण्यात आला.

प्रश्न : आता अमेरिकेनेच हात आखडता घेतला आहे. मग ही तयारी कोण करणार? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : अन्न व कृषी संघटनेच्या पशुरोग-सर्वेक्षणाच्या कामाला अमेरिकी मदतसंस्थेचा मोठा आधार होता आणि 2025 च्या सुरुवातीला तो एकाएकी निघून गेला. दुर्दैवाने हे अशा काळात घडले, की कंबोडियात 2023 पासून माणसांमध्ये पुन्हा रुग्ण आढळत आहेत, अमेरिकेत मार्च 2024 पासून हा विषाणू दुभत्या गायींमध्ये पसरला आहे आणि नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याला बळी पडले. नोव्हेंबर 2022 मध्ये बाली येथे सुरू झालेला पँडेमिक फंड ही पोकळी भरून काढू शकत नाही. विकसनशील देशांच्या तयारीत दरवर्षी सुमारे 1,050 कोटी डॉलरची तूट आहे असा जागतिक बँक आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता, आणि फंडाच्या पहिल्या फेरीत 37 देशांना मिळून 33.8 कोटी डॉलर मिळाले.

म्हणून तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, रिक्त पदांची भरती, नमुने नेणारी गाडी आणि शीतसाखळी यांचा खर्च राज्याच्या नियमित अंदाजपत्रकातूनच झाला पाहिजे. परदेशी निधी प्रकल्पाची मुदत संपताच थांबतो आणि त्यावर नेमलेली माणसे त्याबरोबरच घरी जातात. नागपूरला राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (एक आरोग्य) संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली. माणसांचे डॉक्टर, पशुवैद्यक आणि वनखाते यांनी एकत्र काम करावे हा तिचा हेतू आहे. तिच्याकडे तालुक्यातून वेळेवर नमुने येतील का, हे अखेर त्या रिक्त पदांवरच अवलंबून राहील.