प्रश्न वाचकांचे : कोळशाच्या टाकीत गॅस भरताना ती तापते का?

प्रश्न : मी भुसावळला सीएनजीवरची रिक्षा चालवतो. आमच्या टाकीत गॅस २०० बार दाबाने भरतात. पण विशिष्ट कोळसा भरलेल्या टाकीत तोच गॅस ३५ बारला साठवता येतो, मात्र भरताना ती टाकी तापते, असे वाचनात आले. एवढ्या कमी दाबाला ती का तापावी? आणि आमच्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात तिचे काय होईल?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : हवा भरताना सायकलचा पंप तापतो, त्यावरून हे दाबाचेच काम असावे असे वाटणे साहजिक आहे, येथे मात्र उष्णतेचा मोठा भाग अधिशोषणातून, म्हणजे वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटण्यातून येतो. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशात मीटरच्या अब्जांश भागाएवढी रुंद अशी असंख्य छिद्रे असतात. सीएनजीतला मुख्य वायू मिथेन; त्याचा मोकळा फिरणारा रेणू छिद्राच्या भिंतीला चिकटला की त्याची ऊर्जा कमी होते आणि तेवढी उष्णता बाहेर पडते. १ किलो मिथेनमागे ती साधारण १,००० किलोज्यूल भरते. माठातले ३ लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास तेवढीच लागते.

ती लगेच बाहेर गेली असती, तर अडचण नव्हती. पण कोळशाचा भुगा उष्णतेचा मंद वाहक असल्याने टाकीचा पत्रा हाताला कोमट लागत असतानाही गाभा चांगलाच तापलेला असतो, आणि तापलेल्या कोळशात रेणू कमी टिकतात. म्हणून चार-पाच मिनिटांत टाकी भरली, तर काटा ३५ वर येतो खरा, पण आत गॅस कमीच बसलेला असतो. टाकी निवली की काटा खाली उतरतो. भर दुपारी, उन्हात उभ्या रिक्षेत, हा तोटा आणखी वाढेल.

रिक्षा चालू असताना याच्या उलट घडते. सुटणारे रेणू उष्णता ओढून घेतात, गाभा गारठतो आणि दाब उतरला तरी बराच गॅस कोळशातच अडकून राहतो. तेव्हा तुमचे ऊन थोडे उपयोगी पडेल; इंजिनाची वाया जाणारी उष्णता टाकीकडे वळवणे अधिक खात्रीचे.

कोळशात ग्राफाइट मिसळणे किंवा धातूच्या पट्ट्या बसवणे हे उपाय आहेत, पण त्या जेवढी जागा घेतात तेवढा कोळसा कमी होतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी कोबाल्टयुक्त लवचीक पदार्थ मांडला. गॅस शिरताना त्याची रचना उघडते आणि त्यात निघणाऱ्या उष्णतेचा काही भाग खर्ची पडतो. माझ्या मते, अशी टाकी तुमच्या रिक्षेत आलीच, तर ती रात्रभर संथपणे भरणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरेल.